येतोय तो सीन

हासूशेठच्या शेजारी बसून सिनेमा बघायचा म्हणजे एकदम दोन सिनेमे बघायचे. एक पडद्यावर चाललेला आणि दुसरा हासूशेठच्या तोंडून, पडद्याच्या थोडा पुढे पळणारा. "आता बघ कुलकर्नी, आता बघ... येतोय तो सीन," असं म्हणत तो माझ्या मांडीवर थापा मारायचा. सीन येईपर्यंत माझी मांडी बधिर. आणि सीन आला, की शांतता. कारण जो सीन त्यानं चाळीस वर्षं डोक्यात जपून ठेवलेला असायचा, तो पडद्यावर आलाच नाही असं त्याला वाटायचं. हिरो यायचा, संवाद म्हणायचा, पोट आत ओढून उभा राहायचा. हासूशेठ डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "हा नाय तो. कापला वाटतं."

कापलेला काही नसायचा. तोच असायचा तो.

आमची ओळख जमिनीवरून झाली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पनवेलजवळ सुकापुरात फ्लॅट घेतला, पाचव्या मजल्यावर. ती इमारत हासूशेठच्या भाताच्या शेतात उभी आहे. तो पहिल्यांदा माझ्या घरी आला तो चहाला नव्हे, शेत बघायला. हॉलच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "इथं आमचा खळा." स्वयंपाकघरात गेला. "इथं बांध व्हता. पावसात चिंबोऱ्या गावायच्या." बेडरूमच्या दारात मात्र थबकला, जरा हसला आणि म्हणाला, "जाऊ दे, वहिनी हायेत." तिथं काय होतं ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. मी रोज तिथं झोपतो.

शेताच्या पैशांतून समोरच्या प्लॉटवर त्याचा बंगला झाला. तिसऱ्या मजल्यावर मुलांना जिम करायची होती. हासूशेठनं थिएटर केलं. मोठा पडदा, मागे सरणाऱ्या खुर्च्या, भिंतींना लाल मखमल आणि मोटरवर उघडणारा पडदा. मोटर नेहमी अर्ध्यावर अडायची, मग हासूशेठ उठून पडदा हातानं ओढायचा. सुरू करण्याआधी तो पडद्यापुढे उदबत्ती लावायचा. आणि इंटरव्हल पाहिजेच. "इंटरवल नसलेला पिक्चर म्हंजे मीठ नसलेला कालवन," असं त्याचं म्हणणं, आणि शेताबरोबर मिठागरंही असलेल्या घरातल्या माणसाशी मिठावरून कोण वाद घालणार? इंटरव्हल कुठेही व्हायची. हिरॉईन कड्याला लोंबकळतेय आणि हा बटण दाबून बाहेर, तिथून स्वतःच आरोळी, "ए गरम वडेऽऽ!" वडे त्याच्या बायकोनं, कुंदावहिनींनी, केलेले असायचे. ती बिचारी हिरॉईन आमचे वडे होईपर्यंत तशीच लोंबकळायची.

प्रेक्षक आम्ही ठरलेले. हासूशेठ, कुंदावहिनी, मी, माझी बायको नीला आणि रोहेकर. रोहेकर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, कोकणातले ज्यू. मुलं इस्रायलला गेली, हे पनवेलला राहिले. "तिथंही सगळी आपलीच मराठी माणसं आहेत, म्हणून तर गेलो नाही," असं ते म्हणायचे. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणून आमचा खेळ रविवारी दुपारचा.

तरुणपणी आवडलेले सगळे सिनेमे क्रमानं परत बघायचे, असा हासूशेठचा संकल्प होता. नारळ फुटला तो पुरात ताटातूट झालेल्या दोन भावांच्या सिनेमानं. पनवेलच्या टॉकीजमध्ये त्यानं तो पुन्हापुन्हा पाहिला होता आणि दर वेळी रडला होता. आता बघतो तर आई दोन्ही मुलांपेक्षा लहान दिसत होती. ज्या नदीच्या पुरात कुटुंब फुटलं, त्या नदीमागचा डोंगर वाऱ्यानं हलत होता. डोंगराला सुरकुत्या पडत होत्या! रोहेकरांनी नम्रपणे विचारलं, "इस्त्री करता आली नसती का?" हासूशेठ आधी रागावला, मग हसायला लागला, मग इतका हसला की खुर्ची मागे सरकून आडवी झाली आणि त्याचे पाय वर. तशा अवस्थेत म्हणाला, "आरे, मी याच्यासाठी रडलो? आमची म्हातारी गेली तवा पन मी इतका रडलो नव्हतो!"

पण नंतर तो ओशाळला. घरी बोलावून शिळं वाढल्यासारखी त्यानं आम्हा प्रत्येकाची माफी मागितली. वर एकेक नारळ दिला.

दुसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, तुमचे ते मारामारीचे सिनेमे टिकणारच नव्हते. माझा बघा. कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिलेला एक गंभीर सिनेमा मी निवडला. तो पाहून मी दोन दिवस कोणाशी बोललो नव्हतो आणि नंतर दोन वर्षं सगळ्यांशी त्याबद्दलच बोलत होतो. नीलाला पहिल्या भेटीत मी त्याचाच अर्थ समजावून सांगितला होता. तर तो लागला. एक माणूस खिडकीतून बघतो. एक बाई त्या माणसाकडे बघते. एक बैल दोघांकडे बघतो. तासाभरानं रोहेकर घोरायला लागले. नीला म्हणाली, "अहो, तुम्ही सांगितलेला अर्थ यात कुठे आहे?" मला स्वतःलाही तो सापडत नव्हता. हासूशेठला माझी दया आली असावी. तो हळूच म्हणाला, "कुलकर्नी, बैलाचा काम चांगला झाला हाय." मित्र असावा तर असा. तेवढा एक बैल मी घरी घेऊन गेलो.

असे रविवार गेले. आम्ही दोघं मिळून आमचं तारुण्य रीतसर मोडीत काढत होतो आणि त्यात मजा होती. ज्या विनोदी नटानं आम्हाला लोळवलं होतं, तो आता नुसता ओरडतोय असं वाटायचं. ज्या खलनायकाची भीती वाटली होती, त्याच्या अड्ड्यावरच्या दिव्यांना घरगुती बटणं होती. हासूशेठ कपाळावर हात मारायचा. "आमी गाढव व्हतो रे!" "होतो काय म्हणतोस?" मी म्हणायचो.

मजा संपली ती त्या कौटुंबिक सिनेमाला. तो माझाच सल्ला. स्वच्छ सिनेमा आहे, म्हटलं, वहिनींनाही आवडेल. शिकलेली, मानी सून. सासरच्यांशी तिचं पटत नाही. शेवटी नवरा सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवतो, तिचे डोळे उघडतात, ती सासूच्या पाया पडते, सगळं कुटुंब हसतं आणि हसता हसता फोटो निघतो. समाप्त. दिवे लागले. नीला माझ्याकडे बघून म्हणाली, "साखरपुड्यानंतर मला हाच दाखवलात ना तुम्ही? आणि बाहेर आल्यावर म्हणालात, किती सुंदर संसार दाखवलाय."

मी बूट शोधायला लागलो. घरून चपला घालून आलो होतो.

हासूशेठ या वेळी हसला नाही. "तवा त्या सीनला टाळ्या पडल्या व्हत्या," तो म्हणाला. "मी पन पिटल्या. आजूबाजूला बायका बसल्या व्हत्या की नाय, ते आठवतच नाय." कुंदावहिनी ताटल्या गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "व्हत्या." एवढंच. आणि खाली गेल्या.

आता इथं हासूशेठच्या लग्नाची गोष्ट सांगायला हवी. सुकापुरात ती कोणाला ठाऊक नाही असं नाही, कारण ती तो स्वतःच सांगत असे. बारसं असो, वास्तुशांत असो, दोन माणसं जमली की हासूशेठ सुरू. चिरनेरला त्याच्या मावसभावाचं लग्न होतं. त्या काळी आपल्याकडे लग्नात आहेर माईकवरून पुकारायचे, अजूनही काही ठिकाणी पुकारतात: अमक्या गावचे अमके यांच्याकडून पितळेचा हंडा, तमक्याकडून साडी-चोळी. कर्णे झाडाला बांधलेले, त्यामुळे कोणी काय दिलं ते पार खाडीपर्यंत ऐकू जायचं. मंडपात एक मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. हासूशेठनं तिला सकाळपासून बघितलं होतं. त्याच महिन्यात त्यानं पनवेलला एक सिनेमा पाहिला होता. त्यात हिरो भर मेळ्यात माईक खेचून घेतो आणि हिरॉईनचं नाव घेऊन सगळ्या गावाला आपलं प्रेम सांगतो. ती रागावते, नाही म्हणते, आणि पुढच्याच गाण्यात डोंगरावर त्याच्याबरोबर नाचते. हासूशेठनं मनाशी ठरवलं आणि आहेर पुकारणाऱ्याच्या हातातून माईक घेतला.

"सुकापूरचे हासुराम यांच्याकडून," त्यानं पुकारलं, "चिरनेरच्या कुंदाला... काळीज!"

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. शिट्ट्या, आरोळ्या. महिन्याभरात लग्न ठरलं. गोष्ट संपवताना हासूशेठ छातीवर हात ठेवून म्हणायचा, "हंडा-कळशी सगळे देतात. काळीज कोनी दिला काय?" आम्ही खो खो हसायचो. मी तर ही गोष्ट माझ्या पाहुण्यांना ऐकवायला हासूशेठला खास बोलावून घ्यायचो. कुंदावहिनी त्या वेळी नेमक्या गॅस बघायला आत जायच्या. मला वाटायचं, लाजतात.

तो माईकचा सिनेमा तेवढा त्यानं मागे ठेवला होता. विचारलं की म्हणायचा, "तो लग्नाच्या वाढदिवसाला." वाढदिवस आला. तो रविवार नव्हता, तरी खेळ लागला. हासूशेठनं पांढरा सदरा घातला होता आणि वहिनींसाठी मधली खुर्ची ठेवली होती, खुर्चीच्या हातावर मोगऱ्याचा गजरा ठेवून. उदबत्ती लागली. पडदा अर्ध्यावर अडला, त्यानं ओढला. आणि सिनेमा सुरू झाला.

अहो, काय सांगू? मीही तो तरुणपणी पाहिला होता आणि मलाही आवडला होता. गाणी अजून पाठ आहेत. पण त्यात तो हिरो त्या मुलीच्या मागे नुसता फिरतो. नदीवर फिरतो, देवळात फिरतो, तिच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा राहतो. तिची ओढणी धरतो. ती रडकुंडीला येते तेव्हा त्याचे मित्र हसतात. "पोरगी नाही म्हणते तेव्हा हो समज," असं एक मित्र त्याला सांगतो, आणि आम्ही याच वाक्याला थिएटरात पैसे उधळले होते. हासूशेठ माझ्या मांडीवर थाप मारेना.  मीच शेवटी सवयीनं कुजबुजलो, "येतोय तो सीन."

आला. मेळा, पाळणे, माईक. हिरोनं नाव पुकारलं. कॅमेरा त्या मुलीच्या चेहऱ्यावर गेला. हासूशेठला तिथं लाजणं आठवत होतं, मलाही. लाजणंबिजणं काही नव्हतं. ती नटी बिचारी चांगली असावी, तिनं खरं काम केलं होतं. सगळा मेळा तिच्याकडे बघतोय आणि तिला कुठे जावं ते कळत नाहीये, असा चेहरा होता तो. मग लगेच डोंगर आणि गाणं.

हासूशेठनं सिनेमा थांबवला. दिवे लावले. आम्हाला वाटलं, इंटरव्हल. पण तो वड्यांची आरोळी देईना. तो वहिनींसमोर जाऊन उभा राहिला.

"कुंदे, तुला आवडला व्हता काय तवा?"

"काय? पिक्चर?"

"नाय. मी माईकवर बोल्लो तो."

नीलानं मला चिमटा काढला, म्हणजे उठा आता, हे आपल्यासमोर व्हायचं नाही. रोहेकर उठलेसुद्धा. मी एक चप्पल पायात घालून तसाच बसलो. निर्लज्ज तो निर्लज्जच.

"इतक्या वर्सांनी आज इचारतंव?" वहिनी म्हणाल्या.

"हां. आज."

वहिनींनी गजरा हातातून खाली ठेवला. "नाय आवडला," त्या म्हणाल्या. "मला सोमवारी पेनला जायचा व्हता. डीएडला नंबर लागलेला. मास्तरीन व्हनार व्हते मी. ट्रंक भरून ठेवली व्हती. तुमी माझा नाव घेतलंव, आन बाबा जेवनाच्या पंगतीतून उठले. जेवले नाय. घरी आल्यावर माझी ट्रंक त्यांनीच रिकामी केली. बोल्ले, आता कोन करनार तुला? ज्यानं नाव घेतला त्यालाच द्यायची."

"मग तू नाय का बोल्ली नाय?"

"कोनाला बोलू? बाबांनी इचारला नाय. तुमी इचारला नाय. भटजीनं पन नाय इचारला. आज इचारलंव, आज सांगितला."

हासूशेठ खालच्या पायरीवर बसला. इतका मोठा माणूस, पण बसला तेव्हा लहान दिसला.  तिथूनच तो म्हणाला, "आन आता?"

"आता काय? तुमी मानूस वाईट नाय. पोरं शिकवलीत, सुनांना शिकवलंव. सुखाचा झाला." वहिनी उठल्या. "पन ती आहेराची गोष्ट परत सांगायची नाय. आन हा पिक्चर माझ्या घरात परत लावायचा नाय."

त्यानंतर थिएटर बंद पडलं. हासूशेठ दिवसचे दिवस माझ्या हॉलमध्ये, म्हणजे त्याच्या खळ्यात, येऊन बसायचा. मी त्याची समजूत काढायला गेलो. म्हटलं, काळच तसा होता, सिनेमे जुने होतात, आज ते चांगले वाटत नाहीत, त्याला तू काय करणार? मला हे बोलताना फार समंजस वाटत होतं.

"काळ-बिळ काय नाय," तो म्हणाला. "तिला काय आज वाईट वाटला? तिला तवाच वाटला व्हता. पिक्चर तवा पन असाच व्हता. आपन टाळ्या पिटत व्हतो, म्हनून ऐकू आला नाय." मग म्हणाला, "मी हिरो नव्हतो रे कुलकर्नी. विलन व्हतो. गानी तेवढी माझ्यावर घेतली व्हती."

आणि मग त्यानं विचारायला सुरुवात केली. जे उभ्या जन्मात केलं नव्हतं ते एकदम, घाऊक. "कुंदे, चा पिऊ काय? कुंदे, पंखा लावू काय? कुंदे, मासे सुरमई आनू की हलवा? कुंदे, मी इथं बसू काय?" वहिनी वैतागल्या. मला गॅलरीतून हाक मारून म्हणाल्या, "भावजी, तुमच्या मैतराला सांगा, डोका खाल्ला माझा! काल रात्री कूस बदलू काय इचारत व्हता!" मी त्याला समजावलं, तर मलाच म्हणाला, "सवय नाय ना. कुठं इचारायचा आन कुठं नाय, ते शिकतोय. या वयात वेळ लागनार."

हळूहळू ते ओसरलं. पण वहिनींच्यात काहीतरी मोकळं झालं होतं. त्या नीलाबरोबर गाढी नदीच्या पुलापर्यंत फिरायला जायला लागल्या. नीलानं कुठून तरी खटपट करून त्यांच्या शाळेतल्या एका मैत्रिणीचा फोन मिळवून दिला. ती त्या सालीच पेणला डीएडला गेली होती, आता मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तिथंच राहत होती. दोघी फोनवर तासन् तास बोलायच्या. हासूशेठ लांबून बघायचा आणि मला विचारायचा, "माझ्याबद्दल बोलत असतील काय?" मी म्हणायचो, "तू काय एवढा मोठा विषय लागून गेलास?" त्यावर तो मनापासून हसायचा.

परवाच्या रविवारी सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तर हासूशेठ गेटपाशी. दाढी केलेली, पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. गाडी धुऊन पुसून तोंड रस्त्याकडे करून उभी. कुंदावहिनी बाहेर आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. पेणला निघाल्या होत्या, मैत्रिणीकडे, पहिल्यांदाच.

"कुंदे," हासूशेठ म्हणाला, "मी येऊ काय सोडायला? गाडी हाय."

वहिनी थांबल्या. त्यांनी खरोखर विचार केला, ते मला दिसलं. गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"नको," त्या म्हणाल्या. "एकटी जाते आज. एसटीनं."

"बरा."

त्या कोपऱ्यावरच्या रिक्षात बसल्या. रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी हासूशेठ किल्ली धरून तसाच उभा. मला राहवेना. इतके सिनेमे बघून मला काय कळलं म्हणाल तर शून्य. मी म्हणालो, "अरे, बघत काय उभा राहिलास? गाडी काढ! एसटीच्या आधी पोचशील पेणला. स्टँडवर उभा राहा, हातात गजरा घेऊन. काय खूश होतील वहिनी!"

हासूशेठनं माझ्याकडे बघितलं. किल्ली खिशात टाकली.

"कुलकर्नी," तो म्हणाला, "ती नको बोल्ली ना?"

आणि त्यानं गेट लावून घेतलं.